कमी रहदारीचे रस्ते आणि सायकल : निवांत म्हणजे सुरक्षित का?

मंदगती
नमस्कार मंडळी. वय ४७, वजन विचारू नये. बावीस वर्षांनी पुन्हा सायकलवर बसलोय, त्याला आता चार महिने झाले. हायवेची भीती वाटते, म्हणून ठरवलं होतं की आपण आपले आडरस्ते धरायचे.

गेल्या मंगळवारी सुट्टी टाकून कोंढव्यातून बोपदेव घाट चढलो (दोनदा उतरून, कबूल), सासवडला चहा घेतला आणि नारायणपूरच्या रस्त्याला लागलो. पंधरा-पंधरा मिनिटं एक वाहन नाही. डाव्या हाताला शेतं, समोर पुरंदर. मनात म्हटलं, हेच ते सुख. आणि तेवढ्यात एका डाव्या वळणावर समोरून एक गाडी आली ती थेट माझ्याच बाजूने. वळण कापत. मी घाबरून साइडपट्टीवर उतरलो. साइडपट्टी डांबरापेक्षा चार बोटं खाली होती. परत वर चढायला गेलो, पुढचं चाक कडेला घासलं आणि आडवा झालो. कोपर, गुडघा आणि अहंकार तिन्ही सोलवटले. गाडी थांबली नाही. मागून आलेल्या एका ट्रॅक्टरवाल्या दादांनी उचललं, पाणी दिलं आणि म्हणाले, "सायेब, रस्ता मोकळा दिसला की मान्सं आंधळी हुत्यात."

घरी आल्यावर बायकोने निकाल दिला : हायवेवर निदान लोकांना माहीत असतं की आपल्याशिवाय आणखी कोणी आहे. तुझ्या त्या निवांत रस्त्यावर प्रत्येकाला वाटतं की रस्ता आपल्या एकट्याचा.

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि तुम्ही अशा रस्त्यांवर नेमकी कशी चालवता?

---

टवाळखोर
वहिनींना +१. धागा इथेच बंद करावा.

---

वाटसरू
टवाळखोर, थांबा जरा.

मंदगती, आधी सांगा, मुका मार किती? डोक्याला काही नाही ना?

आता मुद्दा. साइडपट्टीवरून परत वर येताना तुम्ही पडलात तो प्रकार फार जणांच्या बाबतीत होतो. एकदा चाक खाली गेलं की तिथेच राहायचं. हँडल सरळ, पॅडल बंद, ब्रेक हलके हलके, थांबायचं, उतरायचं, सायकल उचलून वर ठेवायची. चालत्या सायकलने तिरकं तिरकं वर चढायला गेलं की कड चाक धरते आणि आपण वरच्या बाजूला म्हणजे रस्त्याच्या आत पडतो. मागून काही येत असेल तर पुढचं लिहायला नको. तुमचं नशीब की मागून फक्त ट्रॅक्टर होता आणि तोही दूर.

दुसरं, तुम्ही कडेला अगदी चिकटून चालवत होता का? बहुतेक नवे लोक तसंच करतात. पांढऱ्या रेषेवरून. मी कडेपासून अडीच-तीन फूट आत असतो. त्याने दोन गोष्टी होतात. मागच्याला मी लवकर दिसतो आणि वेळ आलीच तर डावीकडे सरकायला मला जागा शिल्लक असते. कडेला चिकटलेल्याला सरकायला जागाच नसते, तो थेट साइडपट्टीवर.

---

मंदगती
डोकं शाबूत आहे, हेल्मेट होतं. हो, रेषेवरूनच चालवत होतो. पण वाटसरू, मी तीन फूट आत असतो तर त्या गाडीने उडवलं नसतं का? ती तर माझ्याच बाजूला होती!

---

चिंतूनाना
मी काय म्हणतो, ही सगळी भानगड उजवीकडून चालवली तर मिटते. समोरून येणारं वाहन दिसतं. आम्हाला शाळेत शिकवलं होतं, रस्त्याने जाताना उजव्या बाजूने जा.

---

हेमाडपंती
नाना, ते चालणाऱ्यांसाठी!

गणित करून दाखवतो. सायकल ताशी २०, गाडी ताशी ६०. एकाच दिशेने जात असाल तर गाडी तुमच्याकडे ताशी ४० ने येते. समोरासमोर असाल तर ताशी ८० ने. वळणावर ५० मीटरवरून एकमेकांना दिसलात असं धरा. पहिल्या बाबतीत ड्रायव्हरकडे साडेचार सेकंद आहेत, दुसऱ्यात सव्वादोन. पादचारी ताशी पाचने चालतो आणि एक पाऊल टाकून गवतात उतरू शकतो. सायकलवाला बाजूला उडी मारू शकत नाही. वरती वाचलंच की साइडपट्टीवर उतरल्यावर काय होतं ते. शिवाय फाट्यावरून रस्त्याला लागणारा माणूस फक्त उजवीकडे बघतो. डावीकडून उलट्या दिशेने सायकल येईल हे त्याच्या स्वप्नातही नसतं.

---

चिंतूनाना
बरं बरं. गणितात मी तेव्हाही कच्चा होतो.

पण एक सांगतो, आमच्या वेळी पुण्यात सायकलवाल्याला शिस्त होती. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला असायचा. रात्री दिवा नसेल तर पोलीस चाकातली हवा सोडायचा. डबलसीट पकडलं तर दंड. मी एकदा लकडी पुलावर पोलीस दिसला म्हणून मागच्या मित्राला चालत्या सायकलवरून उतरवला आणि पुलापलीकडे पुन्हा बसवला. तो मित्र पुढे पोलीसच झाला.

---

टवाळखोर
नाना, हा मित्र दर धाग्यात वेगळ्या खात्यात असतो.

---

शाल्मली
मंदगती, लवकर बरे व्हा.

मला या धाग्यातल्या 'निवांत' शब्दाबद्दलच बोलायचंय. तुम्ही सगळे पुरुष गाड्या मोजताय. मी आठ वर्षं सायकल चालवतेय, त्यातली बरीचशी एकटीने. माझ्यासाठी पंधरा मिनिटं एकही वाहन नाही हे सुख नसतं. पंक्चर झालं, फोनला रेंज नाही, आणि बाइकवरची दोन पोरं तिसऱ्यांदा पुढे जाऊन पुन्हा मागे येतायत, असं झालं की निवांतपणा कळतो.

म्हणून मी रस्ता वेगळ्या तऱ्हेने निवडते. गाड्या कमी पण माणसं असलेला. माझी खूण म्हणजे दूध डेअरी. सकाळी साडेसहा-सात वाजता ज्या रस्त्यावर किटल्या लटकवलेले दूधवाले, डेअरीसमोर उभ्या बायका, शाळेच्या एसटीची वाट बघणारी मुलं असतात तो रस्ता माझा. ही सगळी मंडळी रोज तिथून जातात, त्यामुळे तिथल्या गाडीवाल्यालाही वळणापलीकडे कोणीतरी असेल याची सवय असते. मंदगतींच्या वहिनी म्हणाल्या ते हेच आहे. रस्ता अगदी ओसाड असला की ड्रायव्हरची सवय मोडते.

दोन-तीनदा गेले की डेअरीवाले ओळखायला लागतात. एकदा चेन तुटली तेव्हा एका काकूंनी मला घरात बसवून पोहे दिले आणि मुलाला सायकल घेऊन सासवडला पाठवलं.

---

भटक्या_४२
शाल्मली, अगदी. हा विचार कधी केलाच नव्हता. मी तर ओसाड रस्ता सापडला की इथे फोटो टाकायचो आणि 'स्वर्ग' लिहायचो.

त्यात भर : वार बघा. तोच रस्ता मंगळवारी वेगळा आणि रविवारी वेगळा. खडकवासला-पानशेत रस्त्याला मधल्या वारी सकाळी गेलात तर धरण आणि तुम्ही. रविवारी साडेनऊनंतर कणीस-भजीवाली जनता. नारायणपूर दत्ताचं, त्यामुळे गुरुवारी आणि पौर्णिमेला तिकडे जाऊच नका. सोमवती अमावस्येला जेजुरीच्या रस्त्याचंही तेच. कॅलेंडर बघून सायकल काढावी लागते आपल्याकडे, तीही कालनिर्णय.

---

कोकणी_मेवा
सागरी रस्त्याने तीनदा गेलोय, रेवस ते रेड्डी पूर्ण नाही पण तुकड्या-तुकड्यांनी. तिथला एक धडा सांगतो, तो कुठे वाचलेला नाही.

फेरीबोट. दाभोळहून धोपावे किंवा तवसाळहून जयगड. बोटीतून सायकल न्यायला चार पैसे लागतात. पलीकडे पोचल्यावर पहिल्यांदा मी शूर वीरासारखा सगळ्यांच्या आधी उतरलो आणि चढ चढायला लागलो. जेट्टीवरून वर येणारा रस्ता उभा आणि अरुंद. पाच मिनिटांत बोटीतल्या सगळ्या गाड्या माझ्या मागे, सगळ्यांना घाई, सगळ्यांचे हॉर्न. एकाने इतक्या जवळून काढली की आरसा कोपराला लागला.

दुसऱ्या वेळी जेट्टीवरच बसलो. सोलकढी प्यायलो. दहा मिनिटांत बोटीतलं सगळं वर निघून गेलं आणि नंतर पुढची बोट येईपर्यंत रस्ता माझा. तेव्हापासून कुठेही हेच करतो. रेल्वे फाटक उघडलं, आधी सगळ्यांना जाऊ दे. एसटी थांब्यावरून निघाली, आधी तिच्यामागची रांग जाऊ दे. छोट्या रस्त्यावर रहदारी धारेसारखी येत नाही, लोंढ्याने येते. दोन लोंढ्यांच्या मधली वेळ पकडायची.

बाकी कोकणात धोका एकच, जांभ्या चिऱ्याचे ट्रक. उतारावर भरलेला चिऱ्याचा ट्रक मागे दिसला की मी सरळ उतरून रस्त्याच्या बाहेर उभा राहतो. त्याला ब्रेक लावायला सांगण्यात अर्थ नाही.

---

मोरपंख
दोन लोंढ्यांच्या मधली वेळ. वा, लिहून ठेवते. (पण सोलकढी जेट्टीवर मिळते??)

---

कोकणी_मेवा
घरून नेली होती. बाटलीत. सायकलवाल्यांच्या पाण्याच्या बाटलीत पाणीच असतं असं कोणी सांगितलं?

---

ऊसकरी
आमच्या बाजूला (नीरेच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यात) पाटाच्या कडेचे रस्ते सायकलला झकास. सपाट, सावली, गाड्या नाहीत. पण गळीत हंगाम सुरू झाला की मार्चपर्यंत सावध.

ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात हे शहरातल्या लोकांच्या लक्षात राहत नाही. ट्रॅक्टर तुमच्या पुढे गेला म्हणजे वाहन पुढे गेलं असं नाही. पहिली ट्रॉली जाते, तुम्ही हुश्श म्हणून जरा उजवीकडे येता, आणि दुसरी ट्रॉली हेलकावत येते ती वळणावर तर आणखीनच आत. उसाची वाढी (शेंड्याकडची पानं) बाहेर लोंबत असतात, ती तोंडावर. आणि ड्रायव्हरला हॉर्न, घंटी, आरडाओरडा काही ऐकू येत नाही, कारण डेकवर गाणी. ती इतकी मोठ्याने की तेवढी एकच सोय आहे, तो येतोय हे तुम्हाला दोन किलोमीटरवरून कळतं.

अंधारात तर नकोच. मागे एक लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने भरलेला. थांबलेल्या ट्रॉलीवर मागून जाऊन आदळलेले आमच्या भागात दर हंगामात असतात. पहाटे साडेपाचला निघायची फॅशन आहे ना तुमच्याकडे, ती हिवाळ्यात आमच्याकडे आणू नका. उजाडू द्या.

आणि हो, ज्वारी-हरभरा रस्त्यावर वाळत घातलेला दिसला तर त्यावरून जाऊ नका. धान्य सरकतं आणि तुम्ही पडता. वर शिव्या.

---

डॉ_निरुपद्रवी
उजाडू द्या याला माझा पाठिंबा, पण उजाडल्यावरही अर्धा तास जरा जपून. सूर्य अगदी खाली असतो तेव्हा पूर्वेकडे जाणारा सायकलवाला मागच्या गाडीवाल्याला दिसतच नाही, काचेवर नुसता पांढरा झगझगाट. तुमची स्वतःची सावली लांबलचक मागे पडलेली दिसली की समजा, मागचा आंधळा आहे. मी अशा वेळी जाताना पश्चिमेकडे आणि परतताना ऊन वर आल्यावर, असा रस्ता ठरवतो.

दिव्याबद्दल : मागचा लाल दिवा दिवसाही लावा. अंधारात नुसता लुकलुकणारा असेल तर अंतराचा अंदाज येत नाही, एक स्थिर हवा. आणि सगळ्यात स्वस्त उपाय, घोट्याला चमकणारी पट्टी. पाठीवरच्या जाकिटापेक्षा ती जास्त काम करते कारण ती वर-खाली, वर-खाली होते आणि बघणाऱ्याच्या मेंदूला लगेच कळतं की हा माणूस आहे, खांब नाही.

कुत्र्यांचा विषय अजून कसा निघाला नाही?

---

टवाळखोर
निघाला आता. डॉक्टर, धाग्याला श्वानदंश केलात.

---

भटक्या_४२
मी पार्ले-जी ठेवतो खिशात. दोन कुत्री मित्र झाली. तिसऱ्या खेपेला सहा आली.

---

डॉ_निरुपद्रवी
कुत्रं मागे लागलं की पळवायचा मोह होतो. चढावर ते जमत नाही आणि सपाटीवर आपण मागे बघत बघत खड्ड्यात जातो. थांबा, उतरा, सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये धरा, चालत पुढे जा. पळणाऱ्यातली मजा गेली की बहुतेक कुत्री परत फिरतात. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-तंबाखू काही भरू नका, आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा. 'घरचंच कुत्रं होतं' म्हणून टाळू नका.

पडलेल्याला मदत करायला लोक पोलिसांच्या भीतीने कचरतात, तीही काढून टाका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायचीही सक्ती नाही. १०८ लावा.

---

वैदर्भीय
आमच्याकडं मे महिन्यात सारेच रस्ते सुरक्षित असतात बाप्पा. सकाळी ९ नंतर कुत्रंबी नसते रस्त्यावर.

---

मोरपंख
हसून हसून पुरेवाट!

---

ट्युलिपवाली
नेदरलँड्समधून लिहितेय. इकडचे सायकलमार्ग सगळ्यांना माहीत आहेत, पण मला गंमत वाटली ती गावाबाहेरच्या साध्या, अरुंद रस्त्यांची. तिथे वेगळा सायकलमार्ग नसतो. दोन्ही कडांना तुटक रेषांचे पट्टे सायकलसाठी आणि मधे गाडीपुरती एकच पट्टी. वेगमर्यादा ताशी ६०. म्हणजे समोरासमोर दोन गाड्या आल्या की दोघांनाही पट्ट्यांत यावंच लागतं, आणि तिथे सायकल असेल तर तिच्या मागे थांबावंच लागतं. रस्ता रुंद करून नव्हे, ड्रायव्हरला मुद्दाम अरुंद वाटेल असा आखून त्यांनी वेग उतरवलाय.

आपल्याकडे उलट होतं. गावचा खड्ड्यांचा रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला की आपण फटाके फोडतो आणि महिन्याभरात तिथेच कोणीतरी जातं.

---

हेमाडपंती
इंग्लंडात २०२२ पासून त्यांच्या हायवे कोडमध्ये लिहिलंय, सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर सोडा आणि वेग जास्त असेल तर आणखी. आपल्याकडे दीड वीत मिळाली तरी आपण हात दाखवून आभार मानतो.

---

ऊसकरी
ताई, बरोबर आहे तुमचं, पण खड्ड्यांच्या रस्त्यानं आमची डिलिव्हरीची बाई तालुक्याला नेऊन बघा एकदा. रस्ता गुळगुळीत हवाच. वेग कसा उतरवायचा ते नंतरचं.

---

ट्युलिपवाली
मान्य. ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त सायकल होती.

---

वाटसरू
मंदगतींनी वर विचारलेला प्रश्न राहिलाच. तीन फूट आत असतो तर गाडीने उडवलं नसतं का?

मी दोन दिवस विचार करतोय. डाव्या वळणाला आपण आतल्या बाजूला असतो. आतल्या बाजूला दरड, झुडूप, कुंपण, काही ना काही असतं. कडेला चिकटलो की त्या आडोशामागे आपण समोरच्यालाही दिसत नाही आणि मागच्यालाही. थोडं आत असलो तर दोघांनाही आधी दिसतो. पण समोरचा वळण कापणाराच असेल, तर आधी दिसूनही त्याच्याच वाटेत. म्हणजे वळणाच्या आधी आत राहायचं, मागे ऐकायचं, वेग निम्म्यावर आणायचा, घंटी वाजवायची, आणि प्रत्यक्ष वळणात समोर काही आलं तर डावीकडे सरकायची तयारी ठेवायची. निम्म्या वेगात सरकता येतं. पूर्ण वेगात फक्त पडता येतं.

---

हेमाडपंती
मला नाही पटत. आंधळ्या डाव्या वळणावर मी कडेलाच जातो. माझ्या मते मागच्यापेक्षा समोरच्याचा धोका मोठा, गणित वर दिलंय.

---

वाटसरू
आणि मागून येणाऱ्याला तू दरडीचा भाग वाटतोस. असो, तू तुझ्या कडेने, मी माझ्या.

---

शाल्मली
आणखी एक, वडाच्या सावलीतून जाताना. भर उन्हातून एकदम गर्द सावलीत शिरलं की दोन सेकंद काही दिसत नाही. नेमका तिथेच रंग उडालेला गतिरोधक किंवा खड्डा असतो. ड्रायव्हरलाही त्या दोन सेकंदांत आपण दिसत नाही. जुन्या सातारा रस्त्याने गेलेल्यांना माहीत असेल.

आणि पावसाळ्यात घाट उतरताना शेवाळलेल्या कडेवर ब्रेक दाबू नका. हे मी सांगणार नव्हते, कारण कसं कळलं ते सांगावं लागेल.

---

चिंतूनाना
सांगा की. आमच्या मित्राची गोष्ट ऐकलीत ना.

---

शाल्मली
नाही म्हणजे नाही नाना.

---

मंदगती
तीन आठवड्यांनी परत येतोय. गुडघा ठीक आहे. घोट्याची पट्टी घेतली, हँडलला आरसा लावला (मुलगी म्हणते रिक्षा दिसते), आणि सासवडच्या पुढे एक दूध डेअरी हेरून ठेवली आहे.

काल पुन्हा त्या वळणावर गेलो. स्कूटरने, बायको बरोबर. तिनेच सुचवलं की भांडण्यापेक्षा जाऊन बघू. शेताच्या बांधावर बसून अर्धा तास गाड्या मोजल्या. नारायणपूरकडून १४ वाहनं आली, त्यातल्या ९ जणांनी वळण कापलं. म्हणजे त्या दिवशीचा तो कोणी खास नालायक नव्हता. समोर कोणी नाही असं गृहीत धरणारा साधा माणूस होता. बायकोचं म्हणणं सिद्ध झालं आणि तिने ते परतीच्या वाटेवर चार वेळा सांगितलं.

पण बांधावर बसल्या बसल्या मला एक सुचलं. आपण ही फेरी उलटी का मारू नये? आधी कापूरहोळकडून नारायणपूर आणि मग सासवड, बोपदेव उतरून घरी. मग हेच वळण मला उजवं पडतं, मी बाहेरच्या बाजूला, लांबून सगळ्यांना दिसणारा. प्रश्नच मिटला.

---

वाटसरू
उत्तम. पण मग बाकीची सगळी उजवी वळणं डावी झाली की.

---

मंदगती
...

---

मंदगती
ती मोजायला पुढच्या मंगळवारी जातोय. बायको डबा घेणार आहे.

---

टवाळखोर
डबा कशाला, सासवडात मिसळ खा. कुठली ते विचारू नका, इथे भांडणं होतील.

---

भटक्या_४२
टवाळखोर, कुठली?